घराची रोजनिशी आणि गावाची नोंद: काय लिहावं, कसं जपावं

बहुतेक मराठी घरांत नोंदी आधीपासून होतच असतात. कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, किराणामालाची यादी असते, लग्नामुंजीतल्या आहेराची वही असते. पण कॅलेंडर वर्षअखेर रद्दीत जातं, यादी दुकानातच राहते आणि त्या वर्षी घर कसं चाललं होतं त्याचा पुरावाही जातो. मग ओढ्याला मोठा पूर आला तो कुठल्या साली, आत्या बाळाला घेऊन पहिल्यांदा आली ती पंचमीला की दिवाळीला, असल्या गोष्टींवर घरात वाद होतात आणि खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं.

रोज सात-आठ मिनिटं दिली तर हे सगळं एका वहीत बसतं. घराची आणि गावाची वही वेगळी करू नये. घरातलं रोजचं जगणं गावचा पाऊस, बाजार, पाणी आणि जत्रा यांच्यावरच चालतं, त्यामुळे दोन्ही नोंदी शेजारी असल्या की एकमेकींचा अर्थ लावतात. पुढची उदाहरणं सातारा जिल्ह्यातली, त्यातही वाईकडची जास्त आहेत. आपापल्या गावाप्रमाणे ती बदलून घ्यावीत.

वही आणि पेन

शिवणीच्या बांधणीचं, जाड पुठ्ठ्याचं २०० पानी रजिस्टर घ्यावं. स्पायरलची वही नको, कारण तार गंजते, पानं सुटतात आणि सुटलेलं पान कुठलं होतं ते कळत नाही. छापील तारखांची डायरीही टाळावी. तिच्यात रोजची जागा ठरलेली असते. लग्नाच्या दिवशी ती पुरत नाही आणि एरवी अर्धंअधिक पान कोरं राहतं. चार कोरी पानं ओळीने दिसली की लिहिणाऱ्याचा हुरूप जातो. जानेवारीत हौसेने सुरू केलेल्या डायऱ्या फेब्रुवारीत बंद पडतात, त्याचं हे मोठं कारण आहे. साध्या रजिस्टरमध्ये कालच्या नोंदीखाली आजची सुरू होते आणि खंड पडला तरी पान ओकंबोकं दिसत नाही.

पानावर साधारण ३० ओळी असतात. तारखेची एक आणि मजकुराच्या पाच ओळी धरल्या तर पानावर पाच दिवस बसतात, म्हणजे वर्षाला ७३ पानं लागतात. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला आणि शेवटची वीस गावाच्या नोंदींना राखून ठेवली तरी एक रजिस्टर सव्वादोन वर्षांहून जास्त चालतं. सगळ्या पानांना पहिल्याच दिवशी आकडे घालावेत. नंतर घालू म्हटलं की ते राहतं, आणि आकड्यांशिवाय अनुक्रमणिका होत नाही.

जेल पेन आणि शाईपेन नको. पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरतं, आणि पावसाळ्यात कौलातून एखादा थेंब येतोच. काळं बॉलपेन सगळ्यांत बरं. वही सगळ्यांचा हात लागेल अशा जागी, पण स्वयंपाकघर आणि देवघर सोडून ठेवावी. एकीकडे वाफ आणि तेलाचे हात, दुसरीकडे निरांजन आणि उदबत्तीची राख. पेन दोरीने वहीलाच बांधून टाकावं. पेन शोधण्यात गेलेल्या दोन मिनिटांतच कंटाळा येतो आणि नोंद बुडते.

रोजच्या ओळी

क्रम ठरलेला असावा, म्हणजे रोज काय लिहायचं याचा विचार करावा लागत नाही. आधी तारीख, वार आणि तिथी. मग पाऊस-हवा. मग कोण आलं, कोण गेलं. मग बाजार आणि स्वयंपाक. मग घरातल्या कुणाचं तरी एक वाक्य, जसं बोललं गेलं तसंच. शेवटी आपल्या मनातली एक ओळ. एक नमुना पाहा:

शनिवार, १४ जून २०२५. ज्येष्ठ वद्य तृतीया, संकष्टी.
पाऊस सकाळपर्यंत १८ मि.मी. दुपारी उघडीप, कपडे वाळले.
आत्या साताऱ्याहून सकाळी आली, पाचच्या एसटीने गेली. जाताना लोणच्याची बरणी दिली.
मेथी जुडी ३० रु., घेतली नाही. पोकळा २० ला दोन.
आजी: "ह्या पिठाची विरी गेली बघ, थापतानाच कडा फाटत्यात. दळण थोडं थोडं आणत जा."
मनू पहिल्यांदा एकटी दुकानात गेली, सुटे बरोबर मोजून आणले. तिच्या मागून जायचा मोह आवरला.

यात एकही मोठी घटना नाही. तरी घरात भाकरीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, टिकत नव्हती, जूनमध्ये भाजी केवढ्याला होती, पाचची एसटी चालू होती, आजी कशी बोलायची आणि मनू किती वर्षांची असताना काय करायला लागली, एवढं सगळं त्यातून कळतं. याउलट "आज पाहुणे आले, खूप मजा आली, दिवस छान गेला" ही नोंद आठवड्याभरात निरुपयोगी होते. छान, मस्त, कंटाळा, धावपळ हे शब्द आले की थांबून स्वतःला विचारावं: म्हणजे नेमकं काय झालं? जे उत्तर येईल ते लिहावं.

मनातल्या ओळीलाही हाच नियम. "मन लागत नव्हतं" याच्यापुढे कारण लिहावं. "बँकेत तीन हेलपाटे झाले, त्याचा राग जेवताना मुलावर निघाला" असं लिहिलं की दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळताना आपल्या चिडचिडीला आपोआप क्रम दिसायला लागतो: महिन्याची अखेर, अपुरी झोप, लाइट गेलेल्या रात्री. ही ओळ लांबवू नये. लांबली की दुसऱ्या दिवशी लिहायचं दडपण येतं.

घरच्यांचं बोलणं लिहिताना ते शुद्ध करू नये. आजी "फाटत्यात" म्हणाली असेल तर तेच लिहावं. बोलीतली क्रियापदं, हेल, म्हणी सगळ्यांत आधी पुसल्या जातात, आणि त्या पुसण्याचं काम बहुतेक वेळा आपणच, सुधारून लिहिताना करतो.

वही सगळ्यांची असल्याने काही पथ्यं लागतात. भांडणाच्या दिवशी भांडणाबद्दल लिहू नये, दुसऱ्या दिवशी लिहावं. निम्म्या वेळा ते लिहावंसंच वाटत नाही. दुसऱ्याने लिहिलेलं खोडू नये. पटत नसेल तर खाली आपलं म्हणणं नावासह लिहावं. पिन, आधार क्रमांक, खाते क्रमांक वहीत नकोत. आजारपण मात्र जरूर लिहावं आणि तेही आकड्यांत: "ताप १०१, रात्री ९ ला गोळी, ११ ला ९९." डॉक्टर विचारतात तेव्हा हीच ओळ उपयोगी पडते.

लिहिण्याची वेळ रात्रीच्या जेवणानंतर, भांडी आवरून झाल्यावरची ठरवावी. झोपताना अंथरुणावर लिहायचं ठरवलं तर ते टिकत नाही. लिहिणारा आठवड्यागणिक बदलावा आणि नोंदीखाली नावाचं आद्याक्षर घालावं. ज्यांना लिहिता येत नाही किंवा दिसत नाही त्यांनी सांगावं आणि दुसऱ्याने लिहावं, पण "आजीने सांगितलं" असा उल्लेख हवा. मुलांना चौथी-पाचवीपासून एक ओळ द्यावी. त्यांच्या शुद्धलेखनाला हात लावू नये.

दिवस चुकले तर एक-दोन दिवसांपर्यंत मागचं भरून काढावं. त्याहून जुनं आठवून लिहिलं की ते आदर्श व्हायला लागतं, तिथी चुकतात, पाऊस अंदाजे येतो. त्यापेक्षा आडवी रेघ मारून "५ ते ९ नोंद नाही, सगळे लग्नाला" एवढं लिहून पुढे जावं.

पाऊस मोजणं

"धो धो पाऊस" आणि "रिपरिप" यांनी काही कळत नाही. घरच्या घरी मिलिमीटरमध्ये पाऊस मोजणं सोपं आहे आणि मुलांना ते फार आवडतं. मोजायचं कारणही आहे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इतका फरक असताना वर्तमानपत्रातला तालुक्याचा आकडा आपल्या शिवाराचा असेलच असं नाही.

शीतपेयाची दोन लिटरची, सरळ बाजूंची बाटली घ्यावी. मध्ये कमरेला निमुळती होणारी चालत नाही. निमुळता भाग जिथे सुरू होतो त्याच्या बोटभर खाली, सरळ भागात, ती कापावी. वरचा तुकडा टोपण काढून उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा आणि कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून तळाशी खडे घालून सरळ बाजू सुरू होईपर्यंत पाणी भरावं आणि तिथे कायमच्या शाईने शून्याची रेघ ओढावी. त्या रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीची रुंदी सारखी असली की पट्टीवरचा आकडा हाच पाऊस, वेगळा हिशेब नाही. १ मि.मी. पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी.

रुंद तोंडाचं नरसाळं आणि खाली दुसरंच भांडं असेल तर पाणी मिलिलिटरमध्ये मोजावं, त्याला १० ने गुणावं आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने, चौरस सेंटिमीटरमध्ये, भागावं. तोंड ११ सेंमी व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ९५ चौ. सेंमी येतं, म्हणजे ९५ मि.लि. पाणी हा १० मि.मी. पाऊस.

चुका होतात त्या जागेच्या निवडीत. पागोळ्यांखाली, झाडाखाली, भिंतीला लागून बाटली ठेवू नये. जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ती असावी. जमिनीपासून फूटभर वर असावी, नाहीतर उडालेलं चिखलपाणी आत जातं. वाऱ्याने कलंडू नये म्हणून चार विटांच्या मध्ये बसवावी. पत्र्यावर ठेवली तर आजूबाजूला पडणारे थेंब उडून आत येतात आणि आकडा फुगतो. उघडीप चार-पाच दिवस राहिली की शून्याच्या रेघेचं पाणी आटतं. ते रोज सकाळी पाहून पुरं करावं, नाहीतर पुढचा पाऊस कमी दिसतो.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातंही कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा पाऊस धरतं, त्यामुळे आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो. २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, असे त्यांचे टप्पे आहेत. घाटात आणि कोकणात जुलैमध्ये बाटली रात्रीतून भरून वाहू शकते. तिथे संध्याकाळीही मोजून शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करावी आणि बेरीज लिहावी. पाऊस नसेल तर "०" लिहावं, जागा कोरी सोडू नये. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की मोजला नाही, ते पुढे कळत नाही.

आकड्याशेजारी नक्षत्र लिहावं. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आणि पुढे तेरा-चौदा दिवसांनी एकेक करत ऑक्टोबरअखेर स्वातीपर्यंत. घरातली मोठी माणसं पेरणी, लावणी, तरणा पाऊस (पुनर्वसू), म्हातारा पाऊस (पुष्य), आसळका (आश्लेषा), हत्ती (हस्त) याच भाषेत बोलतात. नक्षत्रवार बेरीज दाखवली की ती स्वतःहून जुन्या वर्षांबद्दल सांगू लागतात, आणि तेच आपल्याला हवं असतं.

वडीलधाऱ्यांना विचारताना

"तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं की "काय सांगायचं, गरिबी होती" एवढ्यावर बोलणं संपतं. प्रश्न वस्तूचा, जागेचा किंवा कामाचा असावा. पाणी कुठून आणायचा? हंडा तांब्याचा की पितळेचा? शाळेत जायची वाट कुठून होती? दळण जात्यावर कधीपर्यंत होतं आणि गिरणी कुणाची आली? घरात धान्य कणगीत ठेवायचे, बळदात की पेवात? लाइट आली त्या दिवशी पहिला दिवा कुठल्या खोलीत लावला?

साल आठवत नसेल तर साल विचारूच नये. सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेला गाठ मारावी. साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप हा पक्का खांब आहे: ११ डिसेंबर १९६७, पहाटे. पुण्याकडे पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१. मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. मुंबईत २६ जुलै २००५. आणि राज्यभर बहात्तरचा दुष्काळ. "भूकंप झाला तेव्हा तुम्ही कितवीत होता?", "दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचात तेव्हा दादा जन्मला होता का?", "मिलो (दुष्काळातली परदेशी लाल ज्वारी) खाल्लेली आठवते का?" अशा प्रश्नांनी जन्मसालं, लग्नाची सालं, घर बांधल्याची सालं वर्षभराच्या फरकाने नक्की होतात.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवावा. कानाला न जाणवणारी त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते. टीव्ही, कुकर आणि रस्त्याकडची खिडकीही टाळावी. फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा. लाकडी टेबलावर थेट ठेवला तर बांगडीचा आवाजही ठोक्यासारखा येतो. आधी मिनिटभर बोलून, परत ऐकून, मगच सुरू करावं. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. त्यापुढे माणूस थकतो आणि थोडक्यात उत्तरं द्यायला लागतो. दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावरची वेळ बहुतेकांना मानवते. हातात काही काम असलं, शेंगा फोडणं किंवा भाजी निवडणं, तर बोलणं जास्त मोकळं होतं, मात्र पातेली आणि ताटं दूर ठेवावीत.

रेकॉर्ड करतोय हे सांगून, विचारूनच करावं, आणि "हे लिहू नको" म्हटलेलं लिहू नये. मध्ये शांतता आली तर ती भरायची घाई करू नये. दहा सेकंदांनंतर येणारी आठवण पुष्कळदा खरी महत्त्वाची असते. आजोबा आणि त्यांचे भाऊ एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतील. दोन्ही लिहाव्यात, खरी कुठली हे लगेच ठरवू नये.

सगळं रेकॉर्डिंग उतरवून काढायला जाऊ नये. तासाभराचं बोलणं नीट उतरवायला चार-पाच तास लागतात आणि त्या धास्तीने पुढची बैठकच होत नाही. ऐकताना वहीत फक्त मिनिटं मांडावीत: "३.१० जुनी विहीर. ९.४० मामाचं लग्न, बैलगाड्या. १७ प्लेगच्या झोपड्यांबद्दल त्यांच्या आईने सांगितलेलं." फाइलचं नाव वर्षापासून सुरू करावं, "२०२५-०६-१४ आजी विहीर" असं, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत फोनमध्ये, एक संगणकात किंवा पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. तिन्ही एकाच कपाटात असतील तर त्या तीन प्रती नव्हेत.

गावाची पानं

शेवटच्या वीस पानांपैकी दोन समोरासमोरची पानं नकाशाला द्यावीत. प्रमाणाची काळजी नको. आधी नदी किंवा ओढा काढावा, मग मुख्य रस्ता, देऊळ, चावडी, शाळा, पार, विहिरी, आणि मग आळ्या. नाव प्रत्येकाला हवं. वाईत गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रविवार पेठ अशा नावांनीच माणसं पत्ता सांगतात, आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सवही नदीच्या एकेका घाटाचा वेगळा होतो. अशा गावात कुठल्या घाटाचा उत्सव कधी, पंगत कुठे बसते, पालखी कुठल्या वाटेने जाते, हे नकाशावरच लिहिता येतं.

शिवाराची नावं म्हाताऱ्या माणसाबरोबर चालतच गोळा करावी लागतात. घरी बसून पाच-सहा नावं आठवतात, बांधावरून चालताना त्याच्या कितीतरी पट निघतात. सातबाराच्या उताऱ्यावर शेताचं स्थानिक नाव लिहायला जागा असते, पण ती अनेकदा रिकामी असते. तिथलं नाव आपल्या वहीत गट क्रमांकासह यावं. वाटण्या आणि वारसांची नावं फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, सापडतात. आजोबा-पणजोबांच्या शिक्षणाची आणि जन्मतारखेची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळू शकते. वंशावळ लिहिताना सुनांची माहेरची नावं आणि गावं जरूर घालावीत. कागदोपत्री ती क्वचितच असतात आणि एका पिढीत विसरली जातात.

जत्रा आणि सण तारखेने लिहू नयेत, तिथीने लिहावेत, आणि शेजारी त्या वर्षीची तारीख टाकावी. वाईजवळच्या बावधनचं बगाड फाल्गुन वद्य पंचमीला, रंगपंचमीला असतं. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. मानाचा क्रम कसा, नैवेद्य काय, ढोल कुठल्या आळीचा, या वर्षी काय बदललं, एवढं पाहून त्याच रात्री लिहावं.

बाजाराचे भाव रोज लिहिण्याची गरज नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी ठरलेल्या पाच जिनसा, ठरलेल्या मापाने लिहिल्या की वर्षभराचं चित्र येतं. पायलीने धान्य घेतलं तर शेजारी किलोही लिहावेत, कारण पायली हे माप आहे, वजन नव्हे. ज्वारीची आणि तांदळाची पायली काट्यावर सारखी भरत नाही. विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याच्या १ तारखेला, उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजून लिहावी. आंब्याला मोहोर कधी आला, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, पळस कधी फुलला, काजवे कधी दिसले, यासाठी एक पान पुरतं. वर्षामागून वर्षं एकाखाली एक लिहीत गेलं की त्या पानाची किंमत कळते.

जुने कागद आणि फोटो

पावसाळ्यात ट्रंक उघडू नये. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत उघडावी, कागद सावलीत पसरून हवा द्यावी. फोटोंना ऊन दाखवू नये, त्यांचा रंग उडतो. कसर आणि वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला ठेवला की बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून, कागदाला न लागता ठेवाव्यात. ट्रंकेला भिंतीपासून आणि जमिनीपासून चार बोटं अंतर असावं.

लॅमिनेशन मुळीच करू नये. उष्णतेने जुना कागद करपतो आणि प्लास्टिक परत काढता येत नाही. चिकट पानांचे अल्बमही वाईट. फोटो त्याला घट्ट धरतो आणि काढताना पापुद्रा सुटतो. फोटोमागे नावं लिहिताना मऊ शिसपेन्सिल वापरावी, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नावं डावीकडून उजवीकडे, नात्यासह, आणि "आई" असं न लिहिता पूर्ण नाव. पन्नास वर्षांनी कुणाची आई ते कळत नाही.

मोबाइलने फोटोचा फोटो काढताना तो खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि फोन बरोबर वर, समांतर धरावा. काच असेल तर फ्रेम किंचित तिरकी करून चकाकी घालवावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवला तर बारकावे जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

मोडी लिपीतली कागदपत्रं मिळाली तर घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत. कागद दोन-तीन दिवस दमट नसलेल्या जागी सैल ठेवून मगच हळू उघडावा. कालगणनेचा हिशेब घरी करता येतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनाचा कागद असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. म्हणजे माघ, शके १८५० हे १९२९ साल. फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, ५९० किंवा ५९१ मिळवावेत, शुहूर किंवा अरबी सनात ५९९ किंवा ६००. वाचनासाठी मोडी जाणणाऱ्या माणसाकडे जावं. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि सरकारी पुराभिलेख कार्यालयं इथे चौकशी करता येते. मूळ कागद कुणालाही देऊ नये, आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि वाचायला तेच द्यावेत.

गावाबाहेर राहणाऱ्यांसाठी

पुणे-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी रविवारच्या फोनला एक प्रश्न जोडावा, एकच. "या आठवड्यात पाऊस किती झाला?" किंवा "आपल्या आळीत कुणाकडे काय झालं?" उत्तर आपल्या वहीत तारखेसह लिहावं. "काय चाललंय" विचारलं की "बरं आहे" एवढंच येतं. वर्षातून एकदा गावी जाणं होत असेल तर शिवार फिरण्याचा एक सकाळचा वेळ आधीच राखून ठेवावा, नाहीतर सगळे दिवस जेवणावळीत जातात.

वही भरल्यावर

गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात वर्षाची पानं एकदा चाळावीत. पावसाची नक्षत्रवार बेरीज, पाच जिनसांचे वरचे-खालचे भाव, जन्म, मृत्यू, लग्नं, आजारपणं आणि नवी वस्तू एवढं एका पानावर उतरवावं आणि अनुक्रमणिकेत पानांचे आकडे टाकावेत. हे काम दोघांनी करावं, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने लिहावं. दोन तासांत होतं.

वहीच्या कण्यावर क्रमांक आणि "पासून-पर्यंत" तारखा घालाव्यात. भरलेल्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून सगळ्या भावंडांना एकेक संच द्यावा, आणि हे लगेच करावं. घराच्या वाटण्या होतात तेव्हा भांड्यांची यादी होते, वह्यांची होत नाही, आणि त्या ज्याच्या खोलीत असतील तिथेच राहतात. मूळ वही गावच्या घरात राहावी. ते घर बंद असेल तर ज्याच्याकडे कोरडी, वरच्या मजल्यावरची खोली आहे त्याच्याकडे ठेवावी, आणि कुणाकडे ठेवली ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.